हातभर वाढलेले घट

कोळसा मी जाळला. मागच्या दसऱ्याला, दुपारी तीनला थोडा वेळ कमी असताना, गल्ली नंबर सातच्या तोंडाशी, सरकारी नाकाच्या बरोबर खाली. माझ्या सासऱ्यांनी नाही जाळला. कागदावर त्यांचं नाव आहे, खाली सदतीस सह्या आहेत आणि त्यांतली एक माझी आहे. तरी जाळला मीच.

तुम्ही दार उघडलंत, पाणी दिलंत, तर आता जरा ऐकूनही घ्या. मी काही विकायला आले नाही आणि वर्गणीही मागत नाही. आधीच्या चार घरांनी नाव ऐकूनच दार लावून घेतलं. त्यांचंही बरोबर आहे. दार उघडं ठेवलं की एसीची हवा बाहेर जाते, आणि मी पडले बदनाम बाई.

माझं नाव हर्षला पिंपळशेंडे. तुमच्या या बारा नंबरच्या गल्लीपासून चार गल्ल्या सोडून आम्ही राहायचो. ही सगळी कॉलनीच खाणीची. नदीपासून पार बसस्टँडपर्यंत आपल्या पायाखाली चार नंबरची खाण पसरलेली आहे. ती बंद झाली त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. खालच्या पोकळ्या वाळूनं भरल्या, तोंडं बुजवली, असं कागदावर आहे. त्या वाळूसाठी कंपनीला सरकारकडून अनुदानही मिळालं, आणि मग कंपनी गेली. वर आपण आणि खाली वाळू, असं आपण समजून चालतो.

माझे सासरे, लटारू पिंपळशेंडे, त्यांना मी मामाजी म्हणायची. एकतीस वर्षं ते त्याच खाणीत सरदार होते. सरदार म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी एकटा आत जाणारा, छत ठोकून बघणारा, वायूचा अंदाज घेणारा, आणि पाळी संपली की सगळी माणसं मोजून शेवटी बाहेर येणारा. मोजायची सवय इतकी की लग्नाच्या पंगतीतही बोटानं माणसं मोजत बसायचे. माझा नवरा मोरेश्वर अकरा वर्षं त्यांच्याच हाताखाली होता. त्या अकरा वर्षांत छातीत धूळ इतकी साठली की चाळिशीतच तो यंत्राला लागला. खोलीतली हवा ओढून घ्यायची, नायट्रोजन बाजूला काढायचा आणि उरलेला ऑक्सिजन नाकातल्या नळीत सोडायचा, एवढंच काम ते यंत्र करतं. पण दिवसाचे चोवीस तास करतं, आणि त्याला वीज लागते. म्हणून वीज म्हणजे आमच्या घरात मोरेश्वरचा श्वास होता.

आता नाकाचं सांगते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर जी डब्याएवढी पेटी आहे ना, तसल्याच आमच्या गल्लीतल्या पेटीची मी वायुसखी होते, म्हणजे तिची देखभाल करणारी. चंद्रपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं माझं. गल्लीतले लोक नाकवालीच म्हणायचे.

आधी सरकारचं कसं होतं, एका हातानं कोळशाला अनुदान आणि दुसऱ्या हातानं सौर पॅनलला. माठाला खाली भोक ठेवायचं आणि वरून पाणी ओतत राहायचं, हाच कारभार. शेवटी ठरलं की कोळशाचं सगळं अनुदान काढून उन्हाच्या विजेला द्यायचं. पण द्यायचं कुणाला? जो खरंच कोळसा, डिझेल, गॅस सोडतो त्याला. आणि सोडला हे कळायचं कसं? धूर तर चुलीचाही असतो आणि गोवरीचाही असतो.

तिथं विज्ञान कामाला आलं. प्रशिक्षणातल्या सरांनी फार सोपं करून सांगितलं होतं. हवेत वर, उंच, एक खास जातीचा कार्बन सतत तयार होत असतो, थोडासाच. झाड श्वास घेतं तेव्हा तो झाडात येतो, झाडातून गाईत, गाईतून शेणात आणि आपल्यात. जिवंत आहे तोवर तो मिळत राहतो. मेल्यावर मिळायचा थांबतो आणि असलेला हळूहळू विझत जातो, साधारण पावणेसहा हजार वर्षांत अर्धा. लाकूड आणि गोवरी कालपरवा मेलेली, म्हणून त्यांच्या धुरात तो असतो. कोळसा मेला कोट्यवधी वर्षांपूर्वी, त्यात तो औषधालाही सापडत नाही. म्हणजे धुराला वय असतं. पूर्वी ते मोजायला मोठी प्रयोगशाळा आणि कित्येक दिवस लागायचे. आता लेसरवर चालणारी ही पेटी तासाला एकदा हवा ओढते आणि धूर नवा की जुना ते सांगते. हवा चांगली तर हिरवा दिवा. जुना धूर सापडला तर लाल दिवा, आणि सोबत भोंगा. हा भोंगासुद्धा खाणीचाच जुना, पाळीचा. कुणाच्या डोक्यातून निघालं कुणास ठाऊक, पण आवाज ऐकला की माणूस आपोआप घराबाहेर येतो.

हिरव्या गल्लीला उन्हाची वीज फुकट. योजनेचं नाव सूर्यभाग. एसी, पंप, शेगडी, सगळं चालवा. मात्र नाकाला गल्ली कळते, घर कळत नाही. म्हणून नियम असा, की तीन दिवस लागोपाठ लाल लागला तर अख्ख्या गल्लीचा सूर्यभाग त्या संध्याकाळपासून वर्षभर बंद. सुटका एकच. गल्लीनं दोषी घर आणि त्यातला माणूस सह्यांनिशी लिहून द्यायचा आणि त्या माणसानं गल्ली सोडायची. मग वीज त्याच घटकेला सुरू. पण अशा सुटलेल्या गल्लीला वर्षभरात पुन्हा एकदा जरी लाल लागला, तर वीज तिथल्या तिथं बंद. ज्यानं हा नियम केला त्याला शेजारी नसावेत.

मागच्या वर्षी पितृपक्षात आमच्या गल्लीला पहिला लाल लागला. आभाळ भरून आलेलं, पाऊस परतीच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. मी गल्लीतल्या चौदाही घरांत फिरून आले. कुणाकडं काही नाही. आमच्याच मागच्या खोलीत मात्र मामाजींची लोखंडी सिगडी होती, आणि अर्धं पोतं कोळसा. सिगडी चार वर्षांत पेटली नव्हती, मी रोज झाडू मारताना बघत होते. पण मामाजी तिला दर रविवारी तेल लावून पुसायचे. का पुसता म्हणून विचारलं की म्हणायचे, जिनं जन्मभर जेवू घातलं तिला गंज चढू द्यायचा नसतो.

त्याच दिवशी ते अंगणात वाकून बसले होते. न्हाणीच्या भिंतीच्या बुडाशी फरशी ओली होती. त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं.

"सूनबाई, जमिनीले घाम आला हाय," ते म्हणाले. "कोळसा पेटाच्या आधी असाच घामेजते. खाली काहीतरी तापून राह्यलं."

मी म्हटलं, मामाजी, न्हाणीची भिंत आहे, ओली नाही राहणार तर काय. आणि खाली वाळू आहे. त्यावर ते हसले. वाळूचे ट्रक आले किती आणि गेले किती, ते आपण मोजले होते म्हणाले. आले होते नऊ. तेवढ्यात खाणीचा जिनाही भरत नाही. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता. ज्याच्या खोलीत कोळसा, त्यानं जमिनीकडं बोट दाखवायचं, हे मलाच पटलं नाही, तर गल्लीला काय पटणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला आणि सगळे आमच्या अंगणात जमले. पुढं छायाताई धोटे, अकरा नंबरच्या घरातल्या. गल्लीच्या समितीच्या त्या अध्यक्ष, आवाज खणखणीत, मन वाईट नाही. त्या थेट मागच्या खोलीत गेल्या आणि पोतं ओढत बाहेर आणलं. मग कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. एवढं म्हणाल्या, की लटारूभाऊ, तुमच्यापायी आमची लेकरं उन्हात मरायची का?

कागद तयार झाला. सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्या हातात पेन आलं तेव्हा घरातून यंत्राचा आवाज येत होता, सुस्स, टक, सुस्स, टक. वर्षभर बाहेरची वीज विकत घेऊन ते यंत्र चालवणं आम्हाला सात जन्मांत जमलं नसतं. मामाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"कर सही. मोरूचं यंत्र बंद नाही पडलं पाह्यजे. माझं काय, रेखीच्या घरी दोन भाकरी हायेच." मग म्हणाले, "नाक खरं बोलून राह्यलं, सूनबाई. आपणच त्याले चुकीचं इचारून राह्यलो."

रेखा म्हणजे माझी नणंद, वरोऱ्याकडं असते. दुपारच्या बसनं ते गेले. मोरेश्वर खाटेवर पडून बापाकडं बघत होता, बोलायला दम पुरत नव्हता. मी पिशवीत ठेचा आणि चार भाकरी दिल्या. सिगडी न्यायची म्हणाले, पण कंडक्टर घेईना. ती अंगणातच राहिली, पोत्यासकट.

आणि दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा झाला.

आता सांगा, याहून मोठा पुरावा कोणता? म्हातारा गेला, धूर गेला. आभाळ मोकळं झालं, कडक ऊन पडलं. छायाताईंनी गल्लीत पेढे वाटले, आमच्या घरीही दिले. मी खाल्ला. गोड लागला हो, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी घटस्थापना. आमच्याकडं नेहमीसारखी पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू, वर घट, जमिनीवरच. दरवर्षी पाचव्या माळेला जेमतेम बोटभर कोंब येतात. त्या वर्षी तिसऱ्याच माळेला वीतभर झाले. गल्लीतल्या सगळ्या घरांत तसेच. सातव्या माळेला हातभर. बाया एकमेकींच्या घरी घट बघायला जायच्या. देवी पावली, गल्लीतली पीडा गेली म्हणून पावली, असं छायाताई म्हणाल्या आणि कुणालाच ते खोटं वाटलं नाही. मी तर फोटो काढून ठेवले होते. कोंब पिवळे होते, पण घटाचे कोंब सावलीतले, पिवळेच असतात. आपल्यापैकी कुणाला त्यात वावगं दिसणार?

डोकी मात्र दुखायची. सकाळी उठलं की कपाळ ठणकायचं. पोरं शाळेत जाताना आळसटलेली. ऑक्टोबरचा उकाडा, म्हणून घरं बंद, एसी चालू. आम्ही म्हटलं, एसीनं होतं. गल्लीत एकट्या मोरेश्वरचं डोकं दुखत नव्हतं. तोच तेवढा खोलीतली हवा जशीच्या तशी घेत नव्हता. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. प्रशिक्षण घेतलेली बाई मी.

अष्टमीच्या सकाळी मामाजींना फोन केला. वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल. सांगितलं की घट हातभर वाढलेत, दिवा हिरवा आहे, मोरूही बरा आहे. ते पलीकडून एकेक विचारायला लागले. कोंबांचा रंग कसा? घटाखालची जमीन कशी लागते? डोकं दुखतं का कुणाचं? मी फोन कानाला धरूनच देवघरात गेले आणि पत्रावळीशेजारी फरशीवर हात ठेवला. एसी चालू होता, बाकी फरशी गार होती. तिथं मात्र कोमट. नुकत्या उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी.

मामाजींनी मग जे सांगितलं ते मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. जुनी खाण श्वास घेते. वरच्या हवेचा दाब कमी झाला, आभाळ भरून आलं, की खालची हवा फटींतून वर येते. दाब वाढला, ऊन पडलं, की वरची हवा खाली ओढली जाते. रात्री दाब जरा उतरला तरी बंद घरात थोडा वायू साचतो, सकाळी डोकं दुखतं ते त्यानं. खाणीच्या ऑफिसात दाबाचं घड्याळ होतं, आणि काटा उतरला की सरदार जुन्या भागात माणसं पाठवत नसे.

"लाल दिवा लागते तवा खाण श्वास सोडते," ते म्हणाले. "हिरवा लागते तवा घेते. तुम्ही हिरव्यावर पेढे वाटले, अन् खाली इस्तवाले हवा भेटून राह्यली. आता आभाळ येईन तवा ती जे सोडन, त्याले वास नसते, बाई. माणूस झोपते अन् उठतच नाही."

बातम्यांत सांगत होते, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, दसऱ्याच्या दुपारी विदर्भावर येईल.

मी सूर्यभागाच्या मदत केंद्राला फोन लावला. पोरगी गोड आवाजाची होती. म्हणाली, तुमची गल्ली हिरवी आहे मॅडम, अभिनंदन. मी म्हटलं, धूर जमिनीतून येणार आहे. तिनं विचारलं, घर क्रमांक? मी म्हटलं, घर नाही, जमीन. ती म्हणाली, घर क्रमांकाशिवाय तक्रार पुढं जात नाही. खाण खात्याला लावला, तर तिथं आमची खाण वाळूनं भरलेली. भरलेल्या खाणीला आग लागत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

गल्लीत घरोघर गेले. सगळ्यांचं एकच म्हणणं, सुनेला सासऱ्याला परत आणायचंय, म्हणून हे सगळं. छायाताईंनी माझा हात धरून प्रेमानंच सांगितलं की हर्षला, अपराधी वाटतं ते समजतं मला, पण सणाच्या दिवशी असं अभद्र बोलू नये. दोन दिवस मी बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी मला बघून लोक दारं लावून घ्यायला लागले.

दसऱ्याला दुपारी बारापासून आभाळ काळं होत गेलं. जेवणं झालेली, पुरणाची सुस्ती, सगळी घरं बंद. मी मोरेश्वरला खुर्चीवर बसवून, ढकलत गल्लीबाहेरच्या कडुनिंबाच्या पारावर नेलं. जवळ लहान सिलिंडर होता, अडीअडचणीचा, दोन तास पुरणारा. परत आले, दोन दारं वाजवली. एकानं आतून शिवी दिली, दुसऱ्यानं दिलीच नाही. ते दुसरं जास्त भीतीचं होतं.

दिवा अजून हिरवाच होता, वायू बंद घरांत साचत होता, खांबावरच्या नाकापर्यंत पोचला नव्हता. लोक माझं ऐकून बाहेर येणार नव्हते. पण मला पकडायला आले असते.

अंगणातून सिगडी ओढत नेली. खाली गोवरीचे तुकडे, वर मामाजींचा कोळसा. चार वर्षांचा तो कोळसा मेला पेटता पेटेना, पदरानं वारा घालून घालून हात भरून आले. मला पक्कं ठाऊक होतं की दिवा लाल झाला की त्या घटकेला गल्लीची वीज जाईल, मोरेश्वरचं यंत्र बंद पडेल आणि मग फक्त तो सिलिंडर. तरी मी वारा घालत राहिले.

तीनच्या ठोक्याला नाकानं हवा ओढली. लाल. भोंगा.

दारं धडाधड उघडली. लोक धावत आले, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात उलथनं. कित्येकजण धड चालत नव्हते, दारू प्याल्यासारखे झोकांड्या खात होते, पण रागानं बाहेर आले. छायाताईंच्या नवऱ्यानं लाथ मारून सिगडी उलथवली. मला दोन थोबाडीत बसल्या, कुणाच्या ते बघितलं नाही. मी एवढंच ओरडत होते की मोजा, माणसं मोजा.

मोजली ती मामाजींनी. आभाळ बघून निघालेले ते बसस्टँडवरून चालत येत होते, हातात तीच भाकरीची पिशवी. न थांबणारा भोंगा म्हणजे खाणीत अपघात, हे खाणीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांनी सिगडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. बोट पुढं करून सगळ्यांना मोजलं. "धोटेबाई कुठं हाय?" एवढं म्हणाले आणि अकरा नंबरकडं निघाले.

छायाताई डोकं दुखतं म्हणून दुपारीच आतल्या खोलीत पडल्या होत्या. मामाजींनी दाराशी दुपट्टा पाण्यात बुडवून तोंडाला गुंडाळला. ओल्या कपड्यानं तो वायू अडत नाही, हे त्या गल्लीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटतं, आम्हाला भीती वाटू नये म्हणून गुंडाळला. थोड्या वेळानं छायाताई दारातून ओसरीवर ढकलल्यासारख्या येऊन पडल्या. त्यांच्या मागं मामाजींचे हात उंबऱ्याशी दिसले, मग दिसेनासे झाले. छायाताईंचा नवरा आणि मी आत जायला धावलो, दोघांनाही चार जणांनी धरून ठेवलं. दारं-खिडक्या फोडून, वाट बघून त्यांना बाहेर काढेपर्यंत पाऊण तास गेला होता. चेहरा गुलाबी होता. झोपल्यासारखा.

साडेचारच्या आत सूर्यभागाचे साहेब आले, डॉक्टर आले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी मृताच्या बोटातून रक्त घेऊन तिथंच तपासलं, कार्बन मोनॉक्साइड निघाला, कोळशाचा वायू. समोर उलथलेली सिगडी. नाक लाल. जुन्या कागदावर मृताचंच नाव. मी सांगितलं की कोळसा मी पेटवला, आणि मामाजी मेले ते जमिनीतल्या वायूनं. साहेबांना आमच्या देवघरात नेलं, घटाखालची फरशी दाखवली. त्यांनी हात लावला, माझ्याकडं बघितलं, आणि फॉर्म पुढं धरला. स्रोत, त्याच्यापुढं घर क्रमांक. दुसरी जागाच नव्हती. हळू आवाजात म्हणाले की जमीन लिहिली तर अख्खी कॉलनी रिकामी करावी लागेल, हजार घरं, आणि चौकशी होईपर्यंत वीज कुणालाच नाही. तुमचं नाव लिहिलं तर तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना आजच गल्ली सोडावी लागेल, आणि त्यांना वीज कुठंच नाही, कारण दोषीला सूर्यभाग जन्मभर बंद. वारलेल्या माणसाचं लिहिलं, तर आत्ता दिवे लागतील.

गल्लीनं आधीच सह्या सुरू केल्या होत्या. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं कुणीतरी म्हणालं. ओसरीवर ओकत बसलेल्या छायाताईंनीही केली. त्यांना आपल्याला कुणी ओढून काढलं ते माहीत होतं, कारण सही करताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पारावर सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता. मोरेश्वरचे ओठ निळे पडायला लागले होते.

मी सही केली.

दिवे लागले. आम्ही त्याला आत आणून यंत्राला लावला. दारं उघडी, पाऊस पडून गेलेला, खाणीनं सोडायचं ते सोडून झालेलं. थोडा दम आल्यावर त्यानं विचारलं, कशावर सही केलीस? मी म्हटलं, हजेरी होती. त्यानं डोळे मिटले. तो खाणीतला माणूस, अपघातानंतर हजेरी कशासाठी घेतात ते त्याला माहीत होतं.

नंतर आम्ही रेखाताईंकडं राहायला गेलो. तिथली गल्ली हिरवी. मोरेश्वर सहा महिने जगला, चैत्रात गेला. त्या सहीचे सहा महिने. बाप कसा गेला ते त्यानं कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आता मला कुणाचंच यंत्र चालू ठेवायचं राहिलं नाही, म्हणून मी बोलते आहे. गल्ली सात अजून तिथंच आहे, लोक राहतात, दिवा हिरवा आहे. मी रोज सकाळी बसनं येते आणि एकेक गल्ली घेते. आग एका जागी राहत नाही हो, कोळसा जिकडं तिकडं ती. यंदा ती कुठवर आली ते सांगायला खाली कुणी सरदार नाही.

तुमच्या गल्लीचा दिवाही हिरवाच आहे, येताना बघितला मी. आज पाचवी माळ ना? इथून दिसतोय तुमचा घट. पाच दिवसांत वीतभराच्या वर गेला की.

नाही, घट हलवू नका. बसलेला घट हलवत नसतात, मलाही कळतं. फक्त आत जा आणि पत्रावळीशेजारी फरशीवर हात ठेवून बघा. मी इथंच पायरीवर थांबते.